फॅन्सी उंदीर घ्यावेत की काटेरी? नाशिकचा उन्हाळा, पिंजरा, खाणं आणि औषधपाणी

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. घरी उंदीर पाळायचे आहेत. हॅमस्टर किंवा रॅट नकोत, छोटे माऊसच हवेत. विक्रेत्याकडे दोन पर्याय आहेत: एक, पांढरे-तपकिरी ठिपक्यांचे फॅन्सी माऊस, दुसरे, 'इजिप्शियन स्पायनी' म्हणजे पाठीवर राठ काटे असलेले. दोन्हींची नर-मादी जोडीच घ्या, एकटा राहिला तर झुरतो, असं तो म्हणतो.

घराची माहिती देतो. इंदिरानगर, तिसरा मजला, वर थेट गच्ची. हॉलची भिंत पश्चिमेला असल्यामुळे एप्रिलपासून दुपारी तीननंतर हात लावला तर चटका बसतो. आतली खोली उत्तरेकडची, तिथे एसी नाही, कूलर आहे. मुलगी दहा वर्षांची. मांजर-कुत्रं नाही.

विचारायचं ते असं. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने कोणते घ्यावेत? दुकानातला तारेचा हॅमस्टर-पिंजरा चालेल का, की प्लास्टिकच्या मोठ्या डब्याचा घरीच करता येईल? खाली पसरायला सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, तो वापरू का? खायला काय आणि किती? आणि आजारी पडले तर काय करायचं?

रानजाई

आधी उंदरांचं सांगते, कारण पिंजऱ्याचं गणित त्यावर ठरतं.

फॅन्सी माऊस घ्या आणि नर-मादी जोडी अजिबात घेऊ नका. दोन किंवा तीन माद्या एकत्र घ्या. गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा, एका वेताला सहा ते बारा पिल्लं, आणि व्याल्यापासून चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. म्हणजे नर शेजारीच असेल तर पहिली पिल्लं दूध पीत असताना दुसरं वेत पोटात असतं. पिल्लं पाच-सहा आठवड्यांत वयात येतात. नर-मादी जोडीपासून चार महिन्यांत घरात किती उंदीर होतील याचा अंदाज विक्रेता कधीच देत नाही, आणि ती पिल्लं परत घ्यायलाही कोणी तयार नसतं.

दोन नर तर एकत्र नकोच. लहानपणी भाऊ-भाऊ म्हणून गुण्यागोविंदाने राहतात आणि अडीच-तीन महिन्यांचे झाले की रात्रीत एकमेकांच्या शेपट्या आणि कुल्ले फोडतात. एकटा नर ठेवता येतो, माणसाळतोही छान. पण त्याच्या मुताला उग्र वास असतो आणि तो हद्द आखायला सगळीकडे थेंब टाकत फिरतो. माद्यांच्या पिंजऱ्याला त्या मानाने वास फारच कमी.

झुरण्याबद्दल विक्रेता म्हणतो ते मादीच्या बाबतीत खरं आहे. एकटी मादी मलूल होते, घरटं नीट बांधत नाही. पण तिला सोबत दुसऱ्या मादीची लागते, नराची नाही.

नर-मादी ओळखायला शेपटीच्या बुडाशी पाहा. गुदद्वार आणि मूत्रद्वार यांतलं अंतर नरात मादीच्या जवळपास दुप्पट असतं. एकाच वयाची दोन पिल्लं शेजारी धरून पाहिली तर फरक लगेच कळतो, एकट्या पिल्लावरून ठरवायला गेलात तर चुकाल. मादीला पोटावर स्तनाग्रांच्या दोन ओळी दिसतात. नराला ती नसतात.

आता काटेरी उंदीर. हा निराळा प्राणी आहे, रंग बदललेला घरचा उंदीर नव्हे. मूळचा ईशान्य आफ्रिकेच्या कोरड्या, खडकाळ भागातला. गर्भ साधारण ३८ ते ४० दिवस राहतो, पिल्लं दोन-तीनच, पण केसांसकट आणि जवळजवळ लगेच पळायला तयार. दिसायला मोहक, मान्य. पण शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून येते. कोणी शेपटीला धरलं, झाकणात अडकली, की संपलं. पाठीची जखम फार सुंदर भरून येते, त्यासाठीच शास्त्रज्ञांना त्याचं कुतूहल आहे. तुटलेली शेपूट मात्र परत येत नाही. तेलबिया जास्त झाल्या की लठ्ठ होतो आणि मग मधुमेह. प्लास्टिक सहज कुरतडतो, म्हणून त्याला काचेची टाकीच लागते. वीस अंशांच्या खाली त्याला सोसत नाही, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली जातो. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायचा हा प्राणी नाही. वर्षभर फॅन्सी माऊस नीट सांभाळा, मग विचार करा.

अजून एक. शेतात नांगरताना बिळात सापडलेली पिल्लं 'आणून वाढवा' असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. रानातल्या आणि घरातल्या मोकाट उंदरांबरोबर गोचीड, पिसवा, लेप्टोस्पायरा (मुतातून पसरणारा रोगजंतू) सगळं येतं. पिंजऱ्यात जन्मलेलेच घ्या आणि पावती मागा. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, त्याचे नियम २०२४ साली आले. फॅन्सी माऊस त्या यादीत नाही. पण पुढे त्याच दुकानातून दुसरं काही घ्यायचा मोह झाला, तर आधी त्या प्राण्याचं नाव यादीत आहे का ते बघा.

घरात कोणी गरोदर असेल तर पिंजरा साफ करायचं काम तिच्याकडे देऊ नका. उंदरांकडून येणारा एलसीएमव्ही नावाचा विषाणू क्वचित आढळतो, पण गर्भाला घातक ठरतो.

कानस

पिंजऱ्याबद्दल मी लिहितो.

दुकानातला हॅमस्टर-पिंजरा बघताना पट्टी घेऊन जा. दोन तारांमधलं अंतर ६ मिमीच्या वर असेल तर तो उंदराचा पिंजरा नाही. जिथून डोकं जातं तिथून अख्खा उंदीर जातो, आणि सात-आठ आठवड्यांच्या मादीचं डोकं १ सेंमीच्या फटीतून आरामात जातं. बाजारातले बहुतेक स्वस्त पिंजरे १ सेंमीवालेच असतात.

घरी करायचा तर झाकणाला दोन्हीकडे कड्या असलेला पारदर्शक डबा घ्या. तळ किमान ६० × ४० सेंमी, उंची ३० सेंमी. दोन-तीन माद्यांना तेवढा पुरतो. झाकणात एक मोठी खिडकी आणि दोन समोरासमोरच्या बाजूंना वरच्या अर्ध्या भागात साधारण २० × १० सेंमीच्या दोन खिडक्या काढा. फक्त झाकणाला जाळी ठेवली तर मुताचा अमोनिया तळाशीच साचतो. तो हवेपेक्षा हलका असला तरी ओल्या भुशातून (भुसा म्हणजे खाली जे काही पसराल ते) सतत निघत राहतो आणि हवा खेळायला बाजूची वाट लागते.

जाळी पाव इंची वेल्डमेश. स्टेनलेस मिळाली तर उत्तम. जस्ताची असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवा म्हणजे सुटी जस्ताची पूड निघून जाते. मच्छरदाणीची फायबर जाळी लावू नका, एका रात्रीत भोक पडतं. ॲल्युमिनियमची पातळ जाळी फार तर आठवडा टिकते.

कापायचं कसं: मार्करने खिडकी आखा, चारही कोपऱ्यांत ८ मिमीचं भोक पाडा, मग बारीक दात्यांच्या पातळ करवतीने भोकातून भोकापर्यंत कापत जा. कोपऱ्यात भोक नसेल तर करवत वळताना प्लास्टिकला तडा जातो आणि तो तडा महिनाभरात तळापर्यंत उतरतो. थंडीच्या सकाळी कापू नका, डबा उन्हात थोडा कोमट झाला की कापा. तापवलेल्या सुरीने कापण्याचे व्हिडिओ दिसतात. त्याच्या कडा गुठळ्यांच्या होतात आणि धूर वाईट. कडेला कानस, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर.

जाळी खिडकीपेक्षा चारही बाजूंनी २ सेंमी मोठी कापा आणि आतल्या बाजूने बसवा. हे महत्त्वाचं. बाहेरून बसवलीत तर प्लास्टिकची कापलेली कड उंदराच्या दातासमोर उघडी राहते आणि तिथूनच कुरतडायला सुरुवात होते. ४ मिमीचे बोल्ट, आत-बाहेर दोन्हीकडे मोठे वायसर, दर ५-६ सेंमीवर एक. नट बाहेर ठेवा. जाळीची तुटकी टोकं पक्कडीने मागे वळवून घासून घ्या. ग्लू गन एकटी वापरू नका, मे महिन्यात तो गोंद मऊ पडतो.

चाक हवंच. व्यास २० सेंमीच्या आसपास, धावण्याची पट्टी सलग, जाळीची किंवा दांड्यांची नाही. दांड्यांच्या चाकात पाय आणि शेपूट अडकते. लहान चाकात उंदीर पाठ कमानीसारखी वाकवून पळतो, तसा दिसला की चाक बदला. पाण्याची बाटली नळीच्या टोकाला गोळी असलेली. नळीचं टोक भुशापासून ४-५ सेंमी वर ठेवा. भुसा टेकला की तो वातीसारखं पाणी ओढतो आणि सकाळी बाटली रिकामी, तळ ओला. रोज सकाळी बोटाने गोळी दाबून थेंब येतो का बघा. बाटली भरलेली दिसते आणि गोळी अडकलेली असते, हा घात फार होतो.

आता उन्हाळा. तुमच्या घरात पिंजऱ्याची जागा हीच खरी अडचण आहे. हॉलची पश्चिमेची भिंत विसरा. वरची गच्ची तापलेली, म्हणजे स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता खाली सोडत राहणार. त्यामुळे उत्तरेच्या खोलीतसुद्धा पिंजरा कपाटावर नको, गुडघ्याच्या उंचीच्या स्टुलावर ठेवा. खोलीत वर आणि खाली दोन-तीन अंशांचा फरक सहज असतो. किमान-कमाल नोंद ठेवणारा आर्द्रतेसह थर्मामीटर भुशाच्या पातळीला लावा आणि उंदीर आणण्याआधी आठवडाभर आकडे टिपा. २० ते २६ अंश ठीक. २८ झालं की उपाय सुरू. ३० च्या वर तासन्‌तास राहिलं तर म्हातारे, लठ्ठ आणि गाभण उंदीर आधी जातात. उंदराला घाम येत नाही, तो शेपटी आणि कानांतून उष्णता सोडतो, आणि भोवतालची हवाच तापली की तो मार्गही बंद.

कूलर मेच्या कोरड्या दुपारी उपयोगी आहे, पण खिडकी उघडी ठेवून, आणि झोत पिंजऱ्यावर न येता भिंतीवर आदळेल असा फिरवून. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर बंद. तेव्हा तो थंड करत नाही, नुसता ओलावा वाढवतो. त्यानंतर पंखा आणि उघडी खिडकी.

वीज गेली तर: अर्धा लिटरच्या दोन बाटल्या कायम फ्रीझरमध्ये गोठवून ठेवा. सुती फडक्यात गुंडाळून, खाली ताटली ठेवून, झाकणाच्या जाळीच्या एका टोकाला ठेवा. थंड हवा खाली उतरते आणि पिंजऱ्याचा एकच कोपरा गार होतो, उंदराला नको असेल तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. आत ठेवलीत तर बाटलीला सुटलेल्या पाण्याने भुसा भिजतो. उरलेल्या शहाबादी फरशीचा हातभर नको, वीतभर तुकडा फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून आत ठेवला तरी माद्या त्यावर पोट टेकून पसरतात.

इंदिरानगरकर

दोघांनाही मनापासून धन्यवाद. काटेरीचा विचार सोडला, दोन माद्याच घेतो. घरातल्या तीन गोष्टींबद्दल अजून विचारतो. रात्री डासांचं लिक्विड मशीन चालू असतं. स्वयंपाकघरात उंदीर पळवायचं 'अल्ट्रासॉनिक' यंत्र प्लगला लावलेलं आहे. आणि मुंग्या फार आहेत, ओट्याखाली खडूची रेघ मारतो. यातलं काय चालेल?

रानजाई

यंत्र आजच काढून ठेवा. आपल्याला ऐकू येतं साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंत, उंदराला त्याच्या चौपट वरचं ऐकू येतं. पिल्लं आईला हाक मारतात तीच मुळी आपल्याला न ऐकू येणाऱ्या आवाजात. मोकाट उंदीर त्या यंत्राला काही दिवसांत सरावतात किंवा दुसऱ्या खोलीत जातात; पिंजऱ्यातल्याला जायला जागाच नाही. याच कारणासाठी टीव्ही, इन्व्हर्टर, चार्जर यांच्या शेजारी पिंजरा ठेवू नका.

डासांचं लिक्विड पिंजऱ्याच्या खोलीत नको, कॉइल आणि धूप तर मुळीच नको. त्या खोलीच्या खिडकीला जाळी बसवून घ्या. खडूत कीटकनाशक असतं. पिंजऱ्याचं स्टूल चार वाट्यांत पाणी भरून त्यात उभं करा, मुंग्या चढत नाहीत. पाणी दोन दिवसांनी बदला नाहीतर त्यातच डासांच्या अळ्या होतात. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी पिंजरा दुसऱ्या घरी न्या. मोकाट उंदरांसाठी विषाच्या वड्या घरात ठेवत असाल तर त्याही बंद. आणि धान्य घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. दाण्यांच्या वासाने बाहेरचा उंदीर रात्री जाळीपर्यंत येतो आणि खरजेचे किडे देऊन जातो.

येवलेकर

भुशाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. सुताराकडचा भुसा घेऊ नका. त्यात साग, पाइन, प्लायवुड, एमडीएफ, सगळं मिसळलेलं असतं. एमडीएफच्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा डिंक, पाइन-देवदारात उग्र तेलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिठासारखी बारीक धूळ. ती थेट नाकात जाते.

आपल्याकडे मक्याच्या कणसाचा भुगा सहज मिळतो आणि प्रयोगशाळांतही वापरतात. उन्हाळ्यात चालतो, पण उंदराला त्यात बोगदा करता येत नाही, आणि पावसाळ्यात ओल धरून दोन-तीन दिवसांत बुरशी येते. जून ते सप्टेंबर तो वापरू नका.

सगळ्यात सोपं: पार्सलच्या आतला कोरा तपकिरी कागद आणि खाकी पुठ्ठा, ४-५ मिमीच्या पट्ट्या करून. छपाईचा गुळगुळीत कागद नको. थर ८ ते १० सेंमी. वर घरट्यासाठी बिनवासाचे पांढरे टिश्यू, दोन-तीन माद्यांना ८-१० ग्रॅम. थंडीत दीडपट द्या. माद्या ते चावून चावून गोल घुमट बांधतात. घुमट पूर्ण बंद असेल तर त्यांना गार लागतंय, अर्धवट उघडा असेल तर तापमान ठीक आहे. थर्मामीटरइतकाच भरवशाचा संकेत. कापूस किंवा 'हॅमस्टर वूल' अजिबात नको, तंतू पायाला गुंडाळतो आणि पाय झडतो.

साफसफाई रोज नाही. ओला कोपरा तेवढा दोन दिवसांनी काढा, आठवड्याला दोन-तृतीयांश बदला आणि एक-तृतीयांश कोरडा जुना भुसा परत टाका. सगळं एकदम चकाचक केलंत तर स्वतःचा वास गेला म्हणून त्या घाबरून दुप्पट मुततात. डबा व्हिनेगर-पाण्याने पुसा. फिनाईल नको. काढलेला भुसा फुलझाडांच्या कुंडीत चालतो, मेथी-कोथिंबिरीच्या नाही. नसेल तर पिशवीत बांधून घंटागाडीत.

ग्रॅमकाटा

खाणं आणि औषध.

एक उंदीर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम कोरडं खातो आणि ४ ते ८ मिली पाणी पितो. दोघींना मिळून रोज दोन सपाट चहाचे चमचे पुरे. मुख्य अन्न तयार गोळीचं (पेलेट) असावं, प्रथिनं १४ ते १८ टक्के. गोळी मिळेपर्यंत किंवा गोळीच्या जोडीला घरचं मिश्रण असं करता येतं, १०० ग्रॅमसाठी: ओट्स ३५, बाजरी २०, ज्वारी १५, राळा १०, भाजलेलं सोयाबीन १०, नाचणी ५, सूर्यफुलाचं बी ३, जवस २. प्रथिनं साधारण १४ टक्के भरतात. जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम यात कमी पडतं, म्हणून महिनोन्‌महिने एवढ्यावरच ठेवू नका. वाटी भरभरून ठेवलीत तर त्या आधी सूर्यफूल, मग सोयाबीन वेचतात आणि बाजरी तशीच राहते. उरलेलं संपल्याशिवाय नवीन घालायचं नाही. दाणे वाटीऐवजी भुशात विखरून टाकलेत तर रात्रभर शोधत बसतात, ते त्यांच्यासाठी चांगलं.

आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा वाटाण्याएवढा तुकडा. ताजं म्हणून काकडी, गाजर, पालकाचं पान, नखाएवढं, आठवड्यातून तीनदा. तासाभरात न खाल्लेलं काढून टाका. द्राक्ष द्याल तर अर्ध्याचंही अर्धं, आणि सोडा घातलेल्या पाण्यात भिजवून, चोळून धुतलेलं. द्राक्षबागेवर हंगामात किती फवारण्या होतात ते आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. कांदा, लसूण, चॉकलेट, मीठ-मसाल्याचं काही, कच्चा राजमा, संत्रं-मोसंबी नको. पावसाळ्यात शेंगदाणे आणि मका बंद. डोळ्याला न दिसणारी बुरशी त्यात असते आणि तिचं विष यकृतावर जातं. उंदराला उलटी होत नाही, चुकीचं खाल्लेलं बाहेर काढायची सोयच त्याला नाही.

आजार ओळखायला दर रविवारी वजन करा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा डिजिटल काटा आणि त्यावर एक छोटा डबा, बस. प्रौढ मादी २५ ते ४० ग्रॅम. आठवड्यात दहा टक्के उतरली, म्हणजे ३० ग्रॅमची २७ वर आली, तर ती आजारी आहे, मग ती चाकावर पळत का असेना. शिकार होणारा प्राणी आजार लपवतो. पाठ कमानदार, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

सर्वांत जास्त दिसतो तो श्वसनाचा त्रास. कानाशी धरलं तर टिक्‌टिक्‌ किंवा चिरचिर आवाज येतो. मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू बहुतेकांत दबून बसलेला असतो. अमोनिया, धूळ, कूलरचा थेट झोत याने उसळतो. त्यावर डॉक्सिसायक्लीनसारखं प्रतिजैविक वजनावर काढून देतात. आपल्या मनाने कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. कडवट झाल्यामुळे त्या पाणीच पीत नाहीत आणि तहानेने जातात.

दुसरी खाज, म्हणजे अंगावरचे खरजेचे किडे. खांद्यांमागे केस विरळ, खपल्या. इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गुरांच्या औषधाच्या दुकानात आयव्हरमेक्टिनचं १ टक्क्याचं इंजेक्शन मिळतं आणि 'एक थेंब मानेवर लावा' असा सल्ला सर्रास दिला जातो. हिशेब करा. मात्रा साधारण किलोमागे ०.२ मिग्रॅ. ३० ग्रॅमच्या उंदराला ०.००६ मिग्रॅ. १ टक्का म्हणजे मिलीमध्ये १० मिग्रॅ, एक थेंब ०.०५ मिली, म्हणजे ०.५ मिग्रॅ. ऐंशी पटींहून जास्त. थरथर, मागचे पाय लुळे, मृत्यू. हे औषध पातळ करून मोजून देणं डॉक्टरचंच काम आहे.

डॉक्टर उंदीर आणण्याआधी शोधा. फोनवर दोन प्रश्न विचारा: हॅमस्टर-उंदीर तपासता का, आणि ग्रॅममध्ये वजन करायचा काटा आहे का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर दुसरीकडे विचारा. मुंबई-पुण्याला न्यायची वेळ आली तर पहाटे निघा, छोट्या डब्यात जुना भुसा घाला, आणि बाटलीऐवजी काकडीच्या दोन चकत्या. गाडीच्या हादऱ्यांनी बाटली गळून भुसा भिजतो.

आयुष्य दीड ते अडीच वर्षं. मुलीला हे आधीच सांगा. वर्षानंतर मादीच्या काखेत किंवा मांडीशी गाठ आली तर ती बहुधा स्तनाची असते आणि वाढते. त्या वेळी तिला वेदना किती आहेत ते पाहून डॉक्टरांशी बोला.

इंदिरानगरकर

सगळं उतरवून घेतलं. डबा या रविवारी कापतो. दुकानात गेल्यावर नेमकं काय बघू? आणि उन्हाळ्यात चुकून एखादी निपचित पडली तर त्या क्षणी काय करायचं?

रानजाई

दुकानात संध्याकाळी सातनंतर जा. दुपारी सगळेच झोपलेले असतात, त्यात आजारी ओळखू येत नाही. सगळ्यांपासून दूर एकटी कोपऱ्यात बसलेली नको, तिची कीव आली तरी नको. डोळे मण्यासारखे, शेपटीखालचा भाग कोरडा, श्वासाला आवाज नाही. पाच-सहा आठवड्यांच्या, एकाच वेताच्या बहिणी मागा. नर-मादी एकाच पिंजऱ्यात दिसले तर आणलेली मादी गाभण आहे असंच धरून चाला आणि तीन आठवडे पोटाकडे लक्ष ठेवा. आधी घरी असलेल्यांत नवीन मिसळायची असेल तर तेच तीन आठवडे वेगळ्या खोलीत, हात धुऊन.

उचलताना शेपटी धरायची नाही. पुठ्ठ्याची नळी समोर ठेवा, ती आपणहून आत जाते, दोन्ही टोकांवर हात ठेवून उचला आणि तळहातावर सोडा. मुलीला जमिनीवर बसूनच घ्यायला शिकवा; उभ्याने हातातून पडली तर पाय मोडतो. पहिले तीन दिवस हातच लावायचा नाही, नुसतं पिंजऱ्याशेजारी बसून बोलायचं.

उन्हाने निपचित पडली, मान-हनुवटी लाळेने ओली दिसली, तर खोलीतल्या सर्वांत गार फरशीवर घ्या. साध्या माठातल्या पाण्यात बोट बुडवून शेपटी, तळपाय आणि कान ओले करा, वर्तमानपत्राने हळू वारा घाला. बर्फाचं पाणी नको, त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच राहते. पूर्ण बुडवू नका. मान उचलायला लागली की ड्रॉपरने एक थेंब ओठाच्या कडेला लावा, ती चाटेल. शुद्धीवर नसताना तोंडात पाणी सोडलंत तर ते थेट फुफ्फुसात जातं. उठून चालायला लागली तरी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवा.

थंडीत याच्या उलट. पहाटे एखादी गार, ताठर लागली तर मेली असं लगेच धरू नका. दोन्ही तळहातांत, अंगाशी धरून वीस मिनिटं हळूहळू ऊब द्या. हीटरसमोर किंवा बल्बखाली धरू नका.